एक पाच तीन सहा दोन चार

उल्हास च्यारीच्या गॅरेजात, डिचोलीला,
बाकड्यावर दोन कॅमशाफ्ट झोपवून ठेवलेत
परवाच्या वर्तमानपत्रावर.
एकाखाली बाजारभाव, दुसऱ्याखाली निधनवार्ता.
दोघांवर बारा-बारा उंचवटे.
नुसत्या डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही,
बोट फिरवलं की कळतं :
एक रुंद खांद्यांचा,
दुसरा निमुळता, गावठी अंड्यासारखा.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या घाटग्यानं घासून दिले,
एस.टी.च्या पार्सलातून आंबोली उतरून आले.
दोनशे अठ्ठ्याऐंशी अंश, आणि दोनशे छप्पन्न.
मधले बत्तीस अंश
सहा महिने माझ्या झोपेत फिरतायत.

गाडी ओपेल कापितान, पोर्तुगिजांच्या काळात
मुरगावला बोटीतून उतरलेली.
आधी एका खाणमालकाची, मग डॉक्टर रेबेलोंची,
मग दहा वर्षं कोंबड्यांची,
आता माझी.
सहा सिलिंडर एका रांगेत.
हेड घासून झालं, तीन कार्ब्युरेटर चढले,
एक्झॉस्ट सावियोनं वाकवून दिला उधारीवर.
उरला हा एकच निर्णय, आणि तो पोटातला.
चुकला तर रेडिएटरपासून सगळं पुन्हा उतरवायचं.

च्यारी सांगतो :
मोठ्या कॅममध्ये एक क्षण असा येतो
की जळका धूर अजून बाहेर पडतोय
आणि ताजी हवा आत शिरतेय,
जाणारा नि येणारा एकाच उंबऱ्यात.
वेगात असलास तर जाणारा येणाऱ्याला आत ओढतो.
सावकाश असलास तर दोघं
आधी तुम्ही, आधी तुम्ही, करत अडून बसतात.
म्हणून ते इंजिन उभ्या जागी थरथरतं,
हुंकारतं, अडखळतं,
आणि रस्त्यावरची पोरं मान वळवून बघतात.

खरं सांगू? मला ती वळलेली मान हवी होती.
पणजीच्या कचेरीत मी नकला विभागात.
माझ्याकडे बघतात ते
नक्कल हवी असेल तरच.

मुलीच्या शाळेची रंगीत माती पिस्टनवर थापली,
मोठा कॅम बसवून हातानं दोन फेरे दिले,
हेड पुन्हा उघडलं.
च्यारीनं ब्लेडनं माती कापली.
निळ्या मातीत व्हॉल्व्हची कोर उमटलेली.
"दोन मिलिमीटर. आपटणार नाही," तो म्हणाला,
"पण तू राहतोस कुठं?"
"नार्व्याला. माहीत आहे की तुला."
"तसं नव्हे रे. किती आर.पी.एम.ला?"

मी हिशेब केला.
सकाळी फेरीची रांग : आठशे.
फेरीत चढताना लोखंडी फळी, ओली, शेवाळलेली,
पहिला गिअर, हजार-बाराशे,
पुढे स्कूटर, मागे पावाचा टेम्पो.
दिवाडीचा रस्ता : तिसरा गिअर, दोन हजार, गुरं.
पुन्हा फेरी, पुन्हा फळी.
चार हजारांच्या वर, जिथं मोठा जागा होतो,
तिथं मी जाणार रविवारी पहाटे,
मयेच्या पुढच्या सरळ पट्ट्यावर,
अकरा सेकंद.

"छप्पन्न," म्हणालो.
च्यारी हसला नाही, त्याचे उपकार.
टायमिंगची खूण तेवढी चार अंश पुढे घेतली :
"फळीसाठी."

शनिवारी सुरू केलं.
एक पाच तीन सहा दोन चार
एक पाच तीन सहा दोन चार
पाढ्यासारखं, न चुकता.
मडगार्डवर ठेवलेला चहाचा ग्लास हललासुद्धा नाही.
मला त्या ग्लासाचा थोडा राग आला.

सोमवारी फळीवर गाडीनं एकदाही मान टाकली नाही.
फेरीवरचा आग्नेल दोर गुंडाळत होता,
गुंडाळतच राहिला.

मोठा कॅम घरी आहे, ग्रीस लावून, दिवाणाखाली.
परत घेशील का, असं घाटग्याला विचारलेलं नाही.
एखाद्या रात्री उठून तो मांडीवर घेतो,
हळू फिरवतो.
अंधारात तळव्याखालून
एकेक खांदा वर येतो, आणि जातो.